खालच्या बांधीचं पाणी

माझं माहेर कोरपन्याकडचं, कपाशीच्या काळ्या मातीतलं. आमच्याकडे शेतात पाणी साचलं की घरातली माणसं फावडी घेऊन निघतात, चर काढून पाणी नाल्याला लावतात आणि मगच जेवायला बसतात. दोन दिवस पाणी थांबलं तर कपाशी पिवळी पडते. शेती म्हणजे पाणी बाहेर काढणं, हे मी न शिकताच शिकले होते.

लग्न होऊन नागभीडकडच्या या गावात आले तर इथं सगळं उलटं. धानाचा मुलूख. बांधी म्हणजे धानाचा एकेक वाफा, त्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, उंदरानं भोक पाडलं तरी माणसं ते चिखलानं बुजवायला धावत जातात. पहिल्याच वर्षी मी एका बांधीतलं साचलेलं पाणी चांगलं काम करतेय असं समजून फोडून दिलं. माझ्या मोठ्या जाऊबाई धुऱ्यावरून पळत आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात विळा. त्यांनी पायानंच चिखल लोटून ते तोंड बंद केलं आणि मग मला म्हणाल्या, "तुह्या मायनं तुले भात खाऊ घातला, पण धान दाखवला नाई काय?"

त्या अशाच बोलायच्या. भात वेळताना पेज नीट निथळली नाही म्हणून, अंगणात सडा विरळ पडला म्हणून, मी चपला घालून खळ्यावर गेले म्हणून. माझे यजमान एसटीत कंडक्टर, गडचिरोलीला खोली करून राहणारे, आठवड्यातून एकदा येणारे. सासू-सासरे नव्हते. थोरले दीर वारलेले, जाऊबाईंची मुलगी सासरी नांदत होती. त्यामुळे दोन भावांच्या शेजारशेजारच्या दोन घरांत आम्ही दोघीच. त्यांच्या बोलण्याचा मला कधी राग आला नाही. कोणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे, एवढंच त्यातून कळायचं.

दोन भावांची वाटणी झाली तेव्हा वरची बोडी आणि तिच्या बाजूच्या बांध्या आमच्याकडे आल्या, खालच्या बांध्या जाऊबाईंकडे. बोडी म्हणजे इकडचं छोटं खाजगी तळं. एका बाजूनं मातीची पाळ, तिन्ही बाजूंनी उतार. आमच्या बोडीची पाळ जुनी होती. तिच्या पायथ्याला सतत ओल असायची, हिवाळ्यात तिथं हिरवं लव्हाळं दिसायचं, आणि होळीच्या आतच बोडी कोरडी व्हायची. सलंग, म्हणजे बोडी भरली की जादा पाणी निघायची वाट, ती तर पाळीचा एक खचलेला कोपराच होता. मोठा पाऊस झाला की त्या कोपऱ्यातून लोंढा सुटायचा आणि खाली जाऊबाईंच्या बांधीचा धुरा फोडून जायचा. त्या दरवर्षी तो परत घालायच्या आणि मला ऐकवायच्या.

मला बोडीत मासे पाळायचे होते. गडचिरोलीला मासेपालनाचं एक शिबिर झालं, तिथं मी यांच्या खोलीवर राहून जाऊन बसले. बाकीच्या बायका बीज आणि खाद्याचं विचारत होत्या. मला मात्र पाण्याचीच गोडी लागली. तळ्याला दोन वाटा हव्यात, असं तिथं सांगितलं. वरची वाट, जादा पाणी जायला. आणि तळाची, खालचं सडकं पाणी काढायला आणि हवं तेव्हा तळं रिकामं करायला. पाणी बाहेर काढायच्या गोष्टी! मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

घरी येऊन मी कपडे धुवायच्या जुन्या टबाला भोक पाडलं. त्यात पाइपाचा तुकडा बसवला, आतल्या तोंडाला कोपरा आणि त्यावर एक उभा तुकडा. उभ्या तुकड्याची उंची जितकी, तितकंच पाणी टबात राहणार, जादा झालं की त्याच्या तोंडातून आत पडून बाहेर जाणार. मग त्या उभ्या पाइपावर एक मोठा पाइप टोपीसारखा घातला, त्याला खाली खाचा केल्या. टबाच्या तळाला चहाचा चोथा टाकला आणि वरून पाणी ओतत राहिले. वरचं स्वच्छ पाणी जागेवर राहिलं आणि चोथा खाचांमधून ओढला जाऊन बाहेर पडायला लागला. मी जाऊबाईंना हाक मारली. त्या उकिडव्या बसून बघत राहिल्या.

"खालचा गाळ आधी चालला," त्या म्हणाल्या. "आन् चांगलं पाणी राह्यलं."

"बोडीत असंच करते, बाई."

"कर. पन पाळ पहिले नीट कर. नाईतर तुहे मासे माह्या बांधीत येतीन." आणि त्या हसल्या.

उन्हाळ्यात काम काढलं. पाळीच्या मधोमध लांब खंदक खणला, खाली कडक मुरूम लागेपर्यंत, आणि त्यात बोडीतलीच चिकणमाती भिजवून थरावर थर भरली. ती पायांनी तुडवायची असते, थरात पोकळी राहिली तर पाणी तिथूनच वाट काढतं. गावातल्या बाया आल्या होत्या, पण सगळ्यात जास्त दिवस जाऊबाई होत्या. सकाळी उन्हाच्या आधी येऊन त्या खंदकात उतरायच्या आणि एका लयीत माती तुडवायच्या. पाय काळे, चेहऱ्यावर शिंतोडे. माझी टाच एका जागी जास्त पडली की म्हणायच्या, "नाचून नको राहू, दाब."

पाळीच्या पोटातून तळाचा पाइप टाकला, बाहेर त्याचं पाणी पाटानं नाल्याला लावलं. पाइपाच्या अंगाला धरून पाणी सरकत सरकत जातं आणि पाळ पोखरतं, म्हणून त्याभोवती सिमेंटच्या जाड कड्या घातल्या. उभा पाइप तुकड्यातुकड्यांचा केला, म्हणजे वरचा तुकडा उपटला की पाणी तेवढंच उतरेल. तिथं जायला फळी टाकली. आणि सलंग मी पाळीच्या दुसऱ्या टोकाला नेली, रुंद आणि उथळ, दगड बसवलेली, समोर मासे अडवायला जाळी. तिथून पाणी थेट नाल्यात. जाऊबाईंचा धुरा आता फुटायचा नाही. हे मी त्यांच्यासाठी केलं होतं, आणि तसं त्यांना बोलूनही दाखवलं होतं.

त्या पावसाळ्यात बोडी भरली. पाळीचा पायथा कोरडा खडखडीत राहिला. मी रोज जाऊन तिथली माती मुठीत घेऊन बघायची. लव्हाळं वाळलं. मला इतका आनंद झाला होता की मी यांना फोन करून तेच सांगितलं, लव्हाळं वाळलं म्हणून.

दसरा झाला आणि पाऊस गेला. एका सकाळी मी माशांना खाद्य टाकायला गेले तर जाऊबाई त्यांच्या बांधीत उभ्या होत्या, खाली बघत.

"बाई, काय पाहून राह्यल्या?"

"काई नाई. भेगा पडल्या."

मी उतरून गेले. धान पोटऱ्यात होता, निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर टाकायच्या बेतात. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. आजूबाजूच्या बांध्यांतही ओल कमी होती, पण तिथं हलका धान होता, तो कापणीलाच आलेला. जाऊबाई मात्र नेहमी भारी धान लावायच्या, उशिरा येणारा, उंच, आमच्या सासूबाईंच्या हातचं बियाणं. कारण त्यांच्या बांधीत दिवाळीपर्यंत ओल राहायची. धान कापल्यावर त्याच ओलीत लाखोळीची डाळ यायची.

"पहिले नाई पडत होत्या," त्या म्हणाल्या.

त्या पाळीकडे बघत होत्या, मीही बघितलं. ती झिरप. इतकी वर्षं बोडीतून जे पाणी वाया जातंय असं मला वाटत होतं, ते कुठं जात होतं ते मला त्या भेगांसमोर उभं राहून कळलं. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. दोघींपैकी कोणाच्याच मनात हे आधी आलं नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून ती माती तुडवली होती.

मला वाटलं त्या आता बोलतील. नेहमीसारखं काहीतरी टोचून. मी वाट बघत राहिले. पण त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थोडं पाणी सोडशील काय?"

मी फळीवर पळत गेले आणि वरचा तुकडा उपटला. तळाचं काळसर पाणी पाटात आलं, मी पाटाला माती लावून ते त्यांच्या बांधीकडे वळवलं. भेगांमधून बुडबुडे निघायला लागले. त्या धुऱ्यावर बसून होत्या. पाणी बांधीभर फिरल्यावर म्हणाल्या, "लय चांगलं केलं तू." असं त्या मला त्याआधी कधीच म्हणाल्या नव्हत्या.

धान वाचला. पण त्यानंतर आमच्या दोघींमध्ये काहीतरी बदललं. दर ऑक्टोबरात त्या विचारायला यायच्या. घर भिंतीला भिंत लागून, एरवी न विचारता चुलीपर्यंत येणारी बाई, त्या कामासाठी मात्र दारात उभी राहायची. आधी दुसरंच काहीतरी बोलायची, यांची तब्येत, वसतिगृहात राहून शिकणारी माझी पोरगी. मग पाणी. पुन्हा पुन्हा येऊ नका, मी आपणहून सोडीन, असं मी सांगितलं. दोनदा आपणहून सोडलंही. तरी त्या यायच्या.

आणि आणायच्या. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब निघाले की कोवळे सोलून, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, जंगलातून आणलेल्या सात्या, म्हणजे अळंबी, एकदा मोहाची फुलं कुटून केलेला गोड लाटा. पूर्वीही आणत नव्हत्या असं नाही. पूर्वी त्या टोपलं चुलीजवळ आदळायच्या आणि "जाळून नको टाकू" म्हणायच्या. आता वाटीवर पान झाकून आणायच्या. मी भाजी चुलीवर ठेवायची, आणि ती कशाबद्दल आली आहे याचा विचार करत ढवळत राहायची. मी वेळलेला भात त्या निमूट खायच्या. मुद्दाम मी एकदा गिचका केला. "चांगला झाला," म्हणाल्या.

मासे चांगले वाढत होते. नागभीडच्या बाजारात माझे रोहू लोक विचारून घ्यायचे. दुसऱ्या गावांतून बोडीच्या पाइपाचं विचारायला माणसं येऊ लागली, मी जाऊन सांगायची, टब घेऊन जायची. लोक म्हणायचे, बाई असून केवढं डोकं. अशा वेळी मला जाऊबाई दारात उभ्या दिसायच्या आणि मी घाईनं पुढचं सांगायला लागायची.

मग एका वर्षी, नेमकं धान निसवायच्या दिवसांत, माझी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. भावाचा फोन आला तशी मी निघाले, आणि पुढचे कितीतरी दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात आईच्या पलंगाशी होते. नागभीडच्या स्टँडवर गाडीत बसताना मला पाण्याची आठवण झाली होती, हे खरं. मी मनात म्हटलं, फळी आहे, तुकडा उपटायचा आहे, त्यांना ठाऊक आहे. फोन करून सांगायचं राहिलं. दवाखान्यात दिवस कसे जातात ते ज्याचं माणूस तिथं पडलंय त्यालाच ठाऊक. पण फोन हातात होता. यांना केले, भावाला केले, पोरीला केले.

परत आले तेव्हा बोडी गच्च भरलेली होती, काठोकाठ, आणि खालची बांधी पांढरी पडली होती. लोंब्या वर ताठ उभ्या. भरलेली लोंबी वाकते, या सगळ्या ताठ होत्या. मी एक ओरबाडून तळहातावर चोळली तर नुसतं फोल निघालं.

जाऊबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. आईचं विचारलं. उठून पाणी आणलं.

मी म्हटलं, "बाई, तुमी तुकडा काऊन नाई काढला? तुमाले येते ना काढता."

"येते."

"मग?"

"तू नव्हती ना. तुले इचारल्याबिगर कसा हात लावू?"

"फोन तरी करायचा."

"तू मायपाशी होती. तिथी पाण्याचं काय सांगू तुले."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी तिथंच ओट्यावर बसले. मला रडू आलं आणि त्यांना वाटलं ते आईसाठी आहे. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं.

त्या उन्हाळ्यात मी पाळ पुन्हा फोडली. हे चिडले. "चांगली भक्कम पाळ, गावात कोनाची नाई अशी. तिले भोक पाडते?" मी म्हटलं, पाडते. पाळीच्या अर्ध्या उंचीला एक बारीक पाइप घातला, खाली माशांपुरतं पाणी राहीलच अशा बेतानं. त्यालाही सिमेंटच्या कड्या, त्याच्यावरही माती तुडवली. आतल्या तोंडाला जाळी. बाहेरचं तोंड जाऊबाईंच्या धुऱ्यावर नेलं आणि पाणी सोडायची चावी तिथं बसवली, त्यांच्या जमिनीत. आमच्या बाजूनं ती बंद करताच येणार नाही अशी.

त्यांना नेऊन दाखवलं. "ही तुमची. मले इचारायचं नाई, सांगायचंही नाई. पाहिजे तेवढी उघडा."

त्यांनी चावी थोडी फिरवली, पाण्याची धार आली, परत फिरवली. "कायले खर्च केला," म्हणाल्या. मग चावीवरचा हात काढून, "मी तं यंदा हलका लावून राह्यली."

मला आधी समजलं नाही.

"भारीचं बीज नाई राह्यलं ना. मागच्या सालचं तं सारं पोलं निघालं. ठेवाले काई होतंच नाई." त्यांनी पायानं पाइपाभोवतीची माती दाबली. "हलकाच बरा. पाण्याची कटकट नाई."

म्हणजे पाणी मी परत दिलं होतं, पण ते ज्याच्यासाठी लागायचं तेच उरलं नव्हतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाइपाची उंची, उतार, जाळीची भोकं, सगळं मी मोजलं होतं.

मग मी ते बियाणं शोधायला लागले. नागभीडला बाजारात धानवाल्यांना विचारलं, ते मला पाकिटं दाखवायचे. ज्या ज्या गावात बोडी बघायला जायची तिथं म्हाताऱ्या बायांना विचारायची, उंच वाढणारा, लोंबीला लालसर कूस असणारा, दिवाळीनंतर येणारा. बहुतेक म्हणायच्या, होता बाई, आता कुठी हाय. शेवटी गडचिरोलीच्या पलीकडे जंगलातल्या एका पाड्यावर, एका गोंड कुटुंबाकडे, बांबूच्या ढोलीत असा धान निघाला. त्या घरातल्या आजीला मी सगळं सांगत बसले, का हवा आहे ते. तिला माझं मराठी कितपत कळलं देव जाणे. तिनं गोंडीत सुनेला काही सांगितलं आणि सुनेनं एक पायलीभर धान माझ्या पिशवीत ओतला. बदल्यात काय देऊ विचारलं तर सून म्हणाली, "आमाले मासे आनून दे कवातरी." मी पुढच्या फेरीला नेऊन दिले.

जाऊबाईंनी तो धान तळहातावर घेतला, फुंकर मारली, एक दाणा दातानं फोडला.

"हा तो नोहे," त्या म्हणाल्या.

"नाई?"

"त्याच्यासारखा हाय. पन तो नोहे. ठेव, पेरून पाहू."

धुऱ्यालगतच्या सगळ्यात लहान बांधीत त्यांनी तो लावला. बाकी सगळीकडे हलका. ऑक्टोबरात एका दुपारी मी पाळीवरून जाताना चावीतून धार चालू दिसली. जाऊबाई जवळपास नव्हत्या. मी तिथं थांबले नाही, आपण बघतोय असं वाटू नये म्हणून लांबच्या वाटेनं घरी आले.

धान उंच झाला, जरा जास्तच. वाऱ्यानं अर्धा आडवा पडला. जो हाती लागला तो आम्ही दोघींनी कापला. नव्या तांदळाचा भात त्यांनी त्यांच्याच चुलीवर केला आणि मला बोलावलं. भात मऊ होता, थोडा चिकट. वास बरा होता. मी विचारलं, तसा लागते काय? त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "भात हाय. खा."

मी खात होते, आणि माझा चेहरा त्यांना दिसला असावा.

"तू काऊन एवढं मनात धरून राह्यली?" त्यांनी विचारलं. "मी काई म्हनलं काय तुले?"

"नाई म्हनलं, बाई."

"मग?"

त्यांनी काहीच म्हटलं नाही, हेच तर होतं. त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला, वर माशाचा रस्सा ओतला, मासा माझ्याच बोडीतला. पुढच्या साली लावायला त्यातला थोडा धान त्यांनी मडक्यात ठेवलाय, असं म्हणाल्या. किती ठेवला ते मी विचारलं नाही.